घरबसल्या समुद्राचा तंटा मिटवा
बीबी आणि पंचक्रोशीतल्या नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

हे कोणासाठी?

ज्यांनी समुद्र फक्त मुंबईला लेकीकडे गेल्यावर, तोही भेळ खाताखाता पाहिला, अशा सगळ्या होतकरू मंडळींसाठी. पूर्वानुभवाची अट नाही, आणि पोहता येण्याची तर मुळीच नाही. द हेगला बसलेल्या न्यायाधीशांनाही ते कुणी विचारत नाही.

बीबीच्या पारावर हा विषय काढलात की पहिला प्रश्न ठरलेला: "समुद्र कुठी, आपून कुठी? आपला काय संबंध, भाऊ?" दोन उत्तरं तयार ठेवा.

पहिलं उत्तर मोजमापाचं. किनाऱ्याच्या देशाला समुद्रात दोनशे सागरी मैलांपर्यंत मासळीवर आणि तेलावर हक्क असतो. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे दोनशेचे झाले ३७०. आता डहाणूच्या किनाऱ्यावर उभे राहा, समुद्राकडे पाठ करा आणि तेवढंच अंतर सरळ पूर्वेला मोजत या. सिंदखेड राजा ओलांडून जवळजवळ बीबीच्या वेशीशी पोचाल. समुद्र उलटा वळला असता तर आपण त्याच्या हद्दीच्या धुऱ्यावरच होतो.

दुसरं उत्तर बोलिव्हियाचं. त्या देशाचा किनारा १८७९ साली सुरू झालेल्या लढाईत चिलीनं घेतला. तेव्हापासून समुद्र नाही, पण नौदल आहे. दरवर्षी २३ मार्चला ते 'समुद्र दिन' पाळतात. चिलीनं निदान बोलणी तरी करावीत म्हणून ते आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि १ ऑक्टोबर २०१८ ला हरले. नौदल मात्र मोडलं नाही. समुद्र नसताना समुद्राचा हक्क सांगणारे आपण पहिले नाही, एवढं पारावर सांगा. शिवाय जिजाऊंचं माहेर आपल्या शेजारचं आणि त्यांच्या लेकानं आरमार उभं केलं, हेही जोडून द्या. त्यावर सहसा कुणी बोलत नाही.

साहित्य

एक जुना नकाशा, शक्यतो समोरच्या पक्षाच्या नकाशाशी न जुळणारा. सागरी कायद्याचा १९८२ चा करार: ३२० कलमं आणि नऊ परिशिष्टं, भारतानं तो १९९५ साली स्वीकारला. एक शेजारी, हा नसेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया जातात. आणि संयम, साधारण एका पिढीला पुरेल इतका. सात-बाराचा समुद्रात उपयोग नाही, पण खिशात असला की धीर येतो.

पायरी पहिली: समुद्र आहे याची खात्री करा

नवशिके इथेच फसतात. आपल्याजवळ लोणारचं सरोवर आहे, त्याचं पाणी खारं आहे, तेव्हा तोच आपला समुद्र, असं त्यांना वाटतं. नाही. पाणी खारं असणं हा पुरावा धरत नाहीत. सरोवराच्या पलीकडच्या काठाला दुसरा देश लागतो का? लागत नाही. तिकडेही लोणार तालुकाच आहे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा जगभरातून विचारणा झाली, पण हक्क सांगायला कुणी आलं नाही.

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. कॅस्पियनभोवतीचे पाच देश 'हा समुद्र की तलाव' यावर वर्षानुवर्षं अडून बसले होते. समुद्र म्हटलं तर वाटणी एका नियमानं, तलाव म्हटलं तर दुसऱ्या, आणि तळाला तेल. शेवटी ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांनी करार केला. त्यात ना धड समुद्र ना धड तलाव, असा तिसराच मार्ग काढून प्रत्येकाला पंधरा सागरी मैल दिले. जुनी वडिलार्जित विहीर शेतात धरायची की घरात, यावर वाटणीपत्र अडलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे लगेच कळेल.

पायरी दुसरी: मोजणी करून घ्या

शेताच्या तंट्यात आपण 'हद्द कायम मोजणी'चा अर्ज टाकतो. समुद्रातही तेच, फक्त दगड रोवता येत नाहीत. ओहोटीला पाणी जिथवर मागे जातं ती रेषा म्हणजे मूळ धुरा. तिथून बारा सागरी मैल हा प्रादेशिक समुद्र, म्हणजे आपलं अंगण. त्यातून परक्या जहाजानं मुकाट्यानं, काही उपद्रव न करता जायचं असेल तर अडवता येत नाही. ती पांदण आहे. चोवीस मैलांपर्यंत जकात आणि चोरट्या मालावर नजर ठेवता येते. दोनशे मैलांपर्यंत मासे, तेल, वायू आपले, पण वरून जाणारी जहाजं सगळ्यांची. पीक आपलं, वाट गावाची.

दोन देशांचे किनारे लागून असले की मधोमध रेषा ओढतात, दोन्ही किनाऱ्यांपासून सारखी लांब. सोपं वाटतं. पण कोपऱ्यात चेंगरलेलं शेत आठवा: दोन्ही बाजूंनी सरळ धुरे आले की त्या शेताला पुढे निमुळती चिंधी उरते. बांगलादेशाचं तसंच झालं होतं. एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला म्यानमार, आणि किनारा आत वळलेला. म्हणून आजकाल न्यायालयं आधी मधली रेषा ओढतात, मग ती कुणावर अन्याय करते का ते पाहून सरकवतात आणि शेवटी दोघांच्या पदरात काय पडलं ते ताडून बघतात.

पायरी तिसरी: भांडण मुळात कशावरून झालं ते शोधा

तेल, मासळी, राष्ट्रीय सुरक्षा ही कारणं मागाहून चिकटतात. मूळ कारण बहुतेक वेळा लाकडाचं असतं.

ही थट्टा नाही. कच्छ आणि सिंध यांच्यामध्ये सर क्रीक नावाची शहाण्णव किलोमीटर लांबीची खाडी आहे. तिचा वाद १९०८ मध्ये काठावरच्या जळाऊ लाकडाच्या ढिगावरून उठला. कच्छचे राव म्हणाले आमचं, सिंधवाले म्हणाले आमचं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून निवाडा मुंबई सरकारकडे आला. मुंबईनं १९१४ मध्ये ठराव केला, सोबत नकाशा जोडला, नकाशावर हिरवी रेघ ओढली आणि फाईल बंद केली.

फाईल बंद झाली, पण ठराव उघडाच राहिला. त्याच ठरावातला एक परिच्छेद पाकिस्तान दाखवतं: हद्द खाडीच्या पूर्व काठावर, म्हणजे अख्खी खाडी त्यांची. त्याच्या पुढचाच परिच्छेद भारत दाखवतो: नाव चालते अशा पाण्यात हद्द मधल्या प्रवाहातून धरायची, म्हणजे अर्धी खाडी आमची. त्यांचं म्हणणं, इथे नाव चालत नाही. आमचं म्हणणं, भरतीला चालते. एका कागदावर दोन्ही पक्ष खूश असले तर तो कागद पुन्हा वाचावा, एवढा धडा नवशिक्यांनी घ्यावा. वाद अजून चालू आहे. खाडीच्या मुखाशी हद्द कुठे लागते त्यावर पुढच्या समुद्राची वाटणी अवलंबून, त्यामुळे लाकडाच्या ढिगाला आता तेलाचा वास येतो. आणि रेघ दिसत नसलेल्या त्या पाण्यात मासेमारी बोटी धरल्या जातात. गुजरातच्या बोटींवर कामाला गेलेले पालघर जिल्ह्यातले खलाशीही त्यात सापडतात आणि कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात. नकाशावरची हिरवी रेघ त्यांनी कधी पाहिलेली नसते.

आमच्या घरचं सांगतो. आमच्या आणि चुलत्यांच्या वावरामध्ये एक बाभूळ होती. ऐन धुऱ्यावर. आजोबांच्या काळात तिची फांदी कुणी तोडायची यावर बोलणं झालं. वडिलांच्या काळात बोलणं बंद झालं. माझ्या काळात दोन वेळा मोजणी झाली. खुणेचे दगड रोवले, आणि पुढच्या वखराच्या पाळीला ते एक तास इकडे नाहीतर तिकडे सरकले. कुणी सरकवले हे दोन्ही घरांना पक्कं माहीत आहे, फक्त नावं वेगवेगळी.

पायरी चौथी: पंच निवडा

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ३३व्या कलमात तंटा मिटवायच्या पायऱ्या दिल्या आहेत: वाटाघाटी, चौकशी, मध्यस्थी, समेट, लवाद, न्यायालय. २००७ च्या तंटामुक्त गाव मोहिमेचं पत्रक ज्यांनी वाचलं असेल त्यांना हे पाठ आहे. आधी घरातच बसून बोला, मग चार शहाणे बोलवा, आणि काहीच जमलं नाही तर तालुक्याला जा.

समुद्राच्या तंट्यात तालुक्याची गावं तीन. एक, द हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय: पंधरा न्यायाधीश, नऊ वर्षांची मुदत. त्यातले दलवीर भंडारी पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. दोन, हॅम्बुर्गचं सागरी न्यायाधिकरण: एकवीस न्यायाधीश. तीन, लवाद: पाच पंच, खास त्या भांडणासाठी जमवलेले.

महत्त्वाची सूचना: समोरचा तयार नसेल तर आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला उभाच राहत नाही. तिथे समन्स घेऊन जाणारा शिपाई नाही. तयारी मात्र आधीच, एका कागदानं कबूल करता येते. पोर्तुगालनं हा कागद १९ डिसेंबर १९५५ ला दिला आणि २२ डिसेंबरला भारतावर खटला भरला. तीन दिवसांत! आपल्याकडे एवढ्या वेळात स्टँपपेपर मिळाला तरी पुष्कळ.

पायरी पाचवी: कागद काढा, पण वहिवाट विसरू नका

तो पोर्तुगालचा खटला मराठी माणसानं मन लावून वाचावा असा आहे, कारण त्याच्या मुळाशी मराठी कागद आहेत. आणि त्यांच्याही मुळाशी एक जहाज आहे. मराठ्यांच्या आरमारानं पोर्तुगीजांच्या सांताना नावाच्या जहाजाचं नुकसान केलं होतं. त्याच्या भरपाईपोटी पेशव्यांनी १७ डिसेंबर १७७९ च्या तहात त्यांना दमणजवळच्या गावांमधला बारा हजार रुपयांचा वसूल लावून दिला, असं सांगतात. समुद्रातलं भांडण, भरपाई जमिनीवर. पुढे १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी दादरा आणि नगर हवेली त्यांच्याकडे गेली.

१९५४ साली स्वयंसेवकांनी ते प्रदेश मोकळे केले. त्यांत पुण्यामुंबईची मंडळी होती, गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते. पोर्तुगालला दमणहून तिथे जायचं तर वाट भारतातून. भारतानं ती बंद केली. म्हणून हेग.

आता न्यायालयात चर्चा काय झाली बघा. पेशव्यांनी दिली ती मालकी, की नुसता सरंजाम? 'जागीर' आणि 'सरंजाम' या शब्दांचा अर्थ काय, कायमचं राज्य द्यायचं असलं की मराठे कोणते शब्द वापरत, यावर जगाच्या कोर्टात काथ्याकूट झाला. भारताच्या बाजूनं ॲटर्नी जनरल सेटलवाड होते, आणि भारतानं नेमलेले न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले एम. सी. छागला. होय, खटल्यापुरता आपला एक न्यायाधीश बसवता येतो. पंचांत आपला एक माणूस हवाच, हे तत्त्व बीबीनं जगाला दिलेलं नसलं तरी बीबीला ते शिकवायची गरज नाही.

१२ एप्रिल १९६० चा निकाल असा. पेशव्यांनी दिला तो फक्त वसूल, राज्य नव्हे. इथपर्यंत कागद आपल्या बाजूनं. पण न्यायालय पुढे म्हणालं, इंग्रजांच्या काळापासून सव्वाशे वर्षं पोर्तुगालची साधी माणसं, कारकून आणि माल या वाटेनं जात आलेत, कुणी अडवलं नाही. म्हणजे त्यांची वाट आहे. वहिवाट! अकरा विरुद्ध चार मतांनी. सैन्य, पोलीस आणि दारूगोळा मात्र दरवेळी परवानगी घेऊनच जात होता, म्हणून त्याला वाट नाही. हे आठ विरुद्ध सात मतांनी. आणि त्या वेळची परिस्थिती बघता भारतानं वाट बंद केली त्यात काही चुकलं नाही. हे नऊ विरुद्ध सहा.

जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे धुऱ्यावरून बैलगाडीची वाट मागणाऱ्यांनी हा निकाल पुन्हा एकदा वाचावा. कागदावर मालकी कोणाचीही असो, रोज जाणाऱ्या माणसाला तुम्ही इतकी वर्षं कोणत्या तोंडानं जाऊ दिलंत, हा प्रश्न शेवटी उरतोच.

पायरी सहावी: स्थळपाहणी करा, आणि लवकर करा

१९७० च्या चक्रीवादळानंतर बंगालच्या उपसागरात, हरियाभंगा नदीच्या मुखाशी, गाळाचं एक बेट वर आलं. भारतानं त्याला न्यू मूर म्हटलं, बांगलादेशानं दक्षिण तलपट्टी. १९८१ मध्ये भारतानं तिथे माणसं पाठवून झेंडा लावला. पुढे त्यावरून वाटाघाटी, निषेधपत्रं, नकाशे, सगळं यथासांग झालं. २०१० मध्ये जादवपूर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सांगितलं की बेट बुडालं. तीस वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते समुद्रानं परत नेलं, आणि कुणाचीही परवानगी घेतली नाही.

मधल्या काळात हा हद्दीचा वाद लवादाकडे गेला होता. त्याचे पंच ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रत्यक्ष पाहणीला आले. बेटाला त्यांनी मोजणीचा बिंदू म्हणून धरलं नाही. आमच्याकडेही तंटामुक्ती समिती स्थळपाहणीला आली होती. धुऱ्यावर उभं राहून त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, दोन्ही घरचा चहा घेतला, कारण एकीकडचाच घेतला असता तर निकाल तिथेच लागला असता. मग एक जण बाभळीकडे बोट दाखवून म्हणाला, "हे झाड कोणाचं?" दोन्हीकडून एकदम उत्तर आलं. समितीनं तारीख पुढची दिली.

पायरी सातवी: निकाल लागला की काय करायचं

ही सगळ्यात अवघड पायरी, आणि बहुतेक मार्गदर्शिकांत ती गाळलेली असते.

बांगलादेशानं २००९ मध्ये लवाद मागितला. निकाल लागला ७ जुलै २०१४ ला. वादातला टापू २५,६०२ चौरस किलोमीटरचा. त्यातला १९,४६७ बांगलादेशाला गेला. त्यांनी सरळ दक्षिणेकडे, १८० अंशांवर रेघ मागितली होती, पंचांनी १७७ अंश ३० मिनिटांवर ओढली. अडीच अंशांचा फरक. पाच पंचांपैकी भारताचे पी. एस. राव यांनी काही मुद्द्यांवर वेगळं मत लिहिलं. आणि भारतानं निकाल मान्य केला. ना मोर्चा, ना अपील. तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी लहान शेजाऱ्याला गेलं आणि नौदल बाळगणारा मोठा देश गप्प राहिला. बुडालेल्या बेटाची जागा भारताकडे राहिली, तेवढंच समाधान.

उलट बाजू बघा. १२ जुलै २०१६ ला फिलिपिन्सच्या खटल्यात लवादानं सांगितलं की दक्षिण चिनी समुद्रात चीननं नकाशावर ओढलेल्या नऊ तुटक रेघांच्या आतल्या ऐतिहासिक हक्काला कायद्याचा आधार नाही. चीन खटल्याला आलाच नव्हता. निकाल लागल्यावर त्यानं सांगितलं, आम्ही मानत नाही. निकाल आहे, अंमल करणारा फौजदार नाही. बीबीला पोलीस ठाणं आहे, समुद्राला नाही.

म्हणून एवढं लिहून ठेवा: समुद्राचा कायदा जिंकणाऱ्यावर चालत नाही. हरलेला घरी जाऊन गप्प बसतो, तेवढ्यापुरताच तो चालतो. आणि शेजारी बदलता येत नाही, म्हणून पुष्कळ देश गप्प बसतात.

नेहमी होणाऱ्या चुका

नकाशा मोठा छापला की हक्क मोठा होतो, असं समजणे. भरतीच्या वेळी मोजणी लावणे. शेजाऱ्याला 'लहान' म्हणणे. लवादासमोर सगळे सारखे. आणि निकाल आपल्या बाजूनं लागला म्हणून गावजेवण घालणे. त्या जेवणाचा राग पुढच्या तीन पिढ्या टिकतो.

स्वाध्याय

१. आपल्या धुऱ्याचा मूळ बिंदू नकाशावर दाखवा. शेजाऱ्याच्या नकाशावरही दाखवा. फरक अंशांत लिहा.

२. न्यू मूर बेट बुडाल्यानंतर वाद संपला का? कारणे द्या.

३. धुऱ्यावरची बाभूळ दोन वर्षांमागच्या वादळात पडली. निकाल लागेपर्यंत लाकडाला हात लावायचा नाही, असं दोन्ही घरांनी ठरवलं; तीन पिढ्यांत एकमतानं ठरलेली ही पहिली गोष्ट. लाकूड तिथेच आडवं पडलं आणि ते उधईनं खाल्लं. आता वाद कशाचा उरला? एका वाक्यात उत्तर लिहा.

(तिसरा प्रश्न मी चुलतभावाला वाचून दाखवला. त्यानं विचार करायलाही वेळ घेतला नाही. म्हणाला, "लाकडाचं सोड. बुंधा कोणाच्या बाजूला होता, ते सांग.")